लिंबूटिंबूलाही मत असतं!

गल्लीत लपाछपी किंवा डबा ऐसपैस रंगात आलेला असताना एक भिडू हमखास असा असतो, की ज्याला खेळायचं तर असतं पण खेळता येत नसतं. कुणाचा तरी धाकटा भाऊ, नाहीतर सुट्टीला आलेली कुणाची मावसबहीण. त्याच्यावर राज्य आलं तर खेळाचा विचका होणार हे सगळ्यांना माहीत असतं. मग कुणीतरी मोठेपणाने जाहीर करतो, "हा लिंबूटिंबू!" म्हणजे तो पळणार, लपणार, ओरडणार, पण आउट झाला तरी आउट नाही.

माझ्या मते ही आपल्या मराठी पोरांनी काढलेली फार शहाणपणाची युक्ती आहे. कुणालाही घरी पाठवायचं नाही आणि खेळही थांबवायचा नाही. पण या व्यवस्थेत एक खोट आहे. लिंबूटिंबूला खेळायला मिळतं, मत मात्र मिळत नाही. हद्द कुठपर्यंत, टाइमप्लीज चालणार की नाही, हे सगळं मोठी पोरंच ठरवतात.

मित्रहो, आज हे सगळं आठवायचं कारण म्हणजे आपल्या होस्टेलवर सुरू झालेला कार्डांचा नाद. पत्ते नव्हे, ट्रेडिंग कार्ड! ज्या सरांना आणि मॅडमना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पत्त्यांचा जोड ५२ पानांचा आणि सगळ्यांसाठी सारखाच. ट्रेडिंग कार्डच्या खेळात मात्र प्रत्येक खेळाडू आपापला जोड घेऊन बसतो. बाजारात हजारो वेगवेगळी कार्डं असतात, बंद पाकिटात कोणतं निघेल ते सांगता येत नाही, आणि त्यांतून निवडून आपला डेक बनवायचा. पोकेमॉनचा डेक बरोबर ६० कार्डांचा. 'मॅजिक : द गॅदरिंग' या खेळात साधारणपणे कमीत कमी ६० कार्डं लागतात. काही कार्डं चहाच्या कटिंगपेक्षा स्वस्त, तर काही आपल्या मेसच्या महिन्याच्या बिलापेक्षा महाग. (मेसचं जेवण त्या किमतीचं असतं का, हा वेगळ्या लेखाचा विषय आहे!)

ही कल्पना आपल्याकडे अगदीच नवी नाही. आपल्यातल्या अनेकांनी शाळेत डब्ल्यूडब्ल्यूईची ट्रम्प कार्डं खेळलेली आहेत. उंची, वजन, छाती, लढलेल्या कुस्त्या, जिंकलेल्या कुस्त्या असे आकडे सांगायचे आणि ज्याचा आकडा मोठा त्याने कार्ड खेचायचं. चीटोजच्या पाकिटातले पोकेमॉनचे टॅझो जमवून शर्टाचा खिसा फाटेपर्यंत भरणारेही आपल्यात आहेत. तेव्हा कुणाला डेक, फॉरमॅट, टुर्नामेंट असले शब्द माहीत नव्हते. खेळ मात्र जोरात चालायचा.

आता मुद्द्यावर येतो. सेमिस्टरच्या सुरुवातीला ज्या खोलीत कार्डांचा अड्डा जमतो, तिथे पहिल्या आठवड्यात पाय ठेवायला जागा नसते. फर्स्ट इयरची पोरं दारातून माना घालून बघत असतात. सबमिशन सुरू होईपर्यंत निम्मे गळतात, आणि दिवाळीच्या सुट्टीनंतर तेच पाचसहा चेहरे उरतात. त्या पाचसहा जणांना विचारा, "बाकीचे का गेले रे?" उत्तर ठरलेलं, "त्यांना इंटरेस्ट नव्हता."

खरंच नव्हता? मी गळालेल्यांपैकी काही जणांशी बोललो. केजजवळच्या एका गावाहून आलेला माझा एक मित्र म्हणाला, "इंटरेस्ट होता राव. पण तिसऱ्या डावाला पत्ता हातात यायच्या आधीच खेळ संपायलाय. बरं, हरल्यावर वरून लेक्चर. मी कोणतं कार्ड घ्यायला पाहिजे होतं, ते कुठून मागवायचं, कितीला पडतं. मी खेळायला गेलो होतो, खरेदीला नव्हतो गेलो." दुसरा एक जण म्हणाला, "नियम बदलायचे का असं विचारलं, तर म्हणाले आधी जिंकून दाखव, मग बोल."

हे दुसरं वाक्य माझ्या डोक्यात बसलं. आधी जिंकून दाखव, मग बोल! म्हणजे ज्याला नियमांचा त्रास होतो त्याला बोलायचा हक्क नाही, आणि ज्याला हक्क आहे त्याला त्रास नाही. आपले फीडबॅक फॉर्म कसे हजर पोरांकडूनच भरून घेतात? लेक्चरला न येणारे का येत नाहीत ते फॉर्मवर कधीच येत नाही. तसंच हे आहे. जो उरला त्याचंच मत मोजलं जातं, आणि सगळं कसं छान चाललंय असा निष्कर्ष निघतो.

हा प्रकार फक्त आपल्या होस्टेलचा असता तर मी एवढी शाई खर्च केली नसती. पण या छंदाचा इतिहास काढून पाहिला तर पहिल्यापासून हीच रस्सीखेच दिसते.

'मॅजिक' हा खेळ रिचर्ड गारफिल्ड या गणितज्ञाने बनवला आणि ऑगस्ट १९९३ मध्ये अमेरिकेतल्या विझार्ड्स ऑफ द कोस्ट या कंपनीने तो बाजारात आणला. ट्रेडिंग कार्डच्या आजच्या खेळांची सुरुवात इथून झाली असं मानतात. सुरुवातीची कार्डं भराभर संपली आणि जुन्या कार्डांचे भाव चढले. कंपनीने १९९५ मध्ये काही जुनी कार्डं पुन्हा छापली, तेव्हा ती जमवून ठेवलेल्या लोकांनी आरडाओरडा केला. परिणामी १९९६ मध्ये कंपनीने एक यादीच जाहीर केली, की ही ही कार्डं आम्ही खेळासाठी पुन्हा कधीही छापणार नाही. ती यादी आजही लागू आहे. म्हणजे बघा, कार्डं कपाटात ठेवणाऱ्यांचं म्हणणं ऐकून तीस वर्षं टिकणारा नियम झाला. कार्डं खेळणाऱ्या साध्या पोरांना ती परवडावीत की नाही, हा प्रश्न बाजूला राहिला.

२०२२ मध्ये तर कमाल झाली. खेळाला तीस वर्षं होणार म्हणून कंपनीने एक खास संच काढला. १५ कार्डांचं एक पाकीट, अशी चार पाकिटं, मिळून ६० कार्डं. किंमत ९९९ डॉलर! त्या वेळच्या दराने ऐंशी हजार रुपयांच्या वर. आणि ती कार्डं अधिकृत स्पर्धेत चालणार नाहीत, हे कंपनीनेच सांगितलेलं. त्याच वर्षी पिकाचूचं एक दुर्मिळ कार्ड ५२ लाख ७५ हजार डॉलरला विकलं गेल्याची नोंद गिनीज बुकात झाली. त्या कार्डाने कुणी कधी डाव खेळणार आहे का? त्याच्या आदल्या वर्षी, मे २०२१ मध्ये, अमेरिकेतल्या टार्गेट या दुकानांच्या साखळीने पोकेमॉन कार्डांची दुकानातली विक्री काही काळ थांबवली, कारण कार्डांवरून ग्राहकांत मारामारी झाली होती. ज्या वयाच्या मुलांसाठी हा खेळ निघाला त्यांना त्या काळात दुकानात पाकीट मिळत नव्हतं, कारण मोठी माणसं आधीच रांगेत उभी!

गंमत म्हणजे सगळे खेळाडू जिंकायलाच खेळत नाहीत हे कंपनीला पक्कं माहीत आहे. मॅजिकचे डिझायनर मार्क रोजवॉटर यांनी २००२ मध्ये एका लेखात खेळाडूंचे तीन प्रकार मांडले आणि त्यांना टिमी, जॉनी आणि स्पाइक अशी नावं दिली. टिमीला मोठ्ठा राक्षस मैदानात उतरवायची मजा हवी असते. जॉनीला कुणालाच सुचली नाही अशी जोडणी करून दाखवायची असते. स्पाइकला जिंकायचं असतं. तिघंही खेळाडूच. कार्डं बनवताना कंपनी तिघांचा विचार करते. पण आपल्या खोलीत जेव्हा नियम ठरतात तेव्हा बोलतो कोण? एकटा स्पाइक! टिमी दारात उभा, आणि जॉनी कधीचाच वर जाऊन झोपलेला.

आता एक चांगलं उदाहरण देतो, कारण नुसती रड लावणं मला मंजूर नाही. मॅजिकमध्ये 'कमांडर' नावाचा एक प्रकार आहे. १०० कार्डांचा डेक, साधी जमीन सोडली तर कोणतंही कार्ड एकदाच, बहुधा चौघांनी मिळून खेळायचं. हा प्रकार कंपनीने काढलेला नाही. १९९० च्या दशकात अलास्कातल्या काही खेळाडूंनी आपल्या मजेसाठी तो सुरू केला. पुढे शेल्डन मेनेरी आणि इतर पंचांनी तो पसरवला. दिवसभर स्पर्धा सांभाळून कंटाळलेले पंच रात्री हा निवांत खेळ खेळत बसत. त्याचे नियम कंपनीबाहेरच्या स्वयंसेवकांची एक समिती बघायची. तो इतका लोकप्रिय झाला की २०११ मध्ये कंपनीने त्याचे तयार डेक विकायला काढले. आणि त्याचा सगळ्यात महत्त्वाचा नियम कोणता? टेबलावर बसलेल्यांनी खेळ सुरू करण्याआधी आपसांत बोलून घ्यायचं, आणि सगळ्यांना मान्य असेल तर नियम बदलायचा. याला ते 'शून्यावा नियम' म्हणतात.

हे वाचून तुम्हाला काही आठवलं का? अहो, आपलं मेंढीकोट दुसरं काय आहे! पानं वाटायच्या आधी विचारतातच ना, "बंद हुकूम का कट हुकूम?" या गावात एक पद्धत, त्या गावात दुसरी. लातूरचा, परळीचा आणि धारूरचा असे तिघं एका गादीवर बसले की पहिली पाच मिनिटं नियमांवरच वाद. पण तो वाद सगळ्यांचा असतो. चार दहिल्या कुणी ओढल्या हे नंतरचं. मेंढीकोटात "आधी जिंकून दाखव, मग बोल" असं कुणी म्हणत नाही, कारण चौथा भिडू उठून गेला तर खेळच बंद पडतो. चौथ्याची किंमत तिथे सगळ्यांना कळते.

कमांडरच्या गोष्टीचा पुढचा भाग मात्र कडू आहे. २३ सप्टेंबर २०२४ रोजी त्या समितीने चार कार्डांवर बंदी घातली. त्यांतली काही फार महाग होती आणि ती हातात आली की पहिल्यादुसऱ्या फेरीतच डाव एकतर्फी व्हायचा. निवांत खेळणाऱ्यांसाठी खेळ बरा व्हावा हाच हेतू. पण ज्यांच्याकडे ती कार्डं होती त्यांचे पैसे एका दिवसात बुडाल्यासारखे झाले. त्यांचा राग मी समजू शकतो. पण काही जण शिवीगाळीवर आणि धमक्यांवर उतरले. आठवडाभरात, ३० सप्टेंबरला, समितीने कारभार कंपनीच्या हवाली केल्याचं जाहीर झालं. बिनपगारी काम करणाऱ्या माणसांना जिवाची भीती वाटावी, तेही खेळापायी! ज्यांच्यासाठी तो निर्णय होता, ते घरगुती खेळाडू त्या गोंगाटात कुठे ऐकूच आले नाहीत. नंतर कंपनीने खेळाडूंमधून एक सल्लागार मंडळ नेमलं, डेकच्या ताकदीप्रमाणे पाच पायऱ्या केल्या. स्वस्त कार्डांच्या 'पॉपर' या प्रकारासाठीही जानेवारी २०२२ पासून असं मंडळ आहे. म्हणजे साध्या खेळाडूचं ऐकायची व्यवस्था करता येते, ती करायची इच्छा मात्र लागते.

आणि ऐकलं नाही तर काय होतं? त्याचं उत्तर आपल्याच महाराष्ट्रात, सावंतवाडीला आहे. तिथली दशावतारी गंजिफा बघा. १२० गोल पानं, दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येक रंगात राजा, प्रधान आणि एक ते दहा. पाच रंगांत दहा मोठं, तर उरलेल्या पाचांत एक्का मोठा. हाताने रंगवलेलं एकेक पान म्हणजे देखणं चित्र. ही कला संपत आली होती. शिवरामराजे आणि सत्त्वशीलादेवी भोसले यांनी १९७० च्या दशकात राजवाड्यात चिताऱ्यांना बसवून तिला पुन्हा उभं केलं, हे त्यांचे उपकारच. आज ती पानं विकत मिळतात, लोक भेट म्हणून देतात, काचेच्या चौकटीत लावतात. पण तुमच्या ओळखीत गंजिफा खेळणारं कुणी आहे का? खेळाचं कौतुक टिकलं, चित्र टिकलं, पण संध्याकाळी ओसरीवर बसून वाईटसाईट का होईना खेळणारा माणूस गेला. कोणताही खेळ जिवंत ठेवतो तो हा माणूस. उस्ताद खेळाला उंची देतात हे मान्य, पण रोजचा डाव मांडतो तो साधा भिडूच.

आमच्या कार्डवाल्या दोस्तांचं म्हणणं मला माहीत आहे, आणि ते खोटं नाही. ते म्हणतात, "आम्ही रात्र रात्र जागून डेक बसवला, शेकडो डाव हरलो तेव्हा कुठे हात बसला. आता कुणीतरी येऊन म्हणणार की तुझं हे कार्ड वापरू नको. मग मेहनतीला अर्थ काय?" बरोबर आहे. स्पर्धेत, जिथे प्रवेश फी भरून सगळे जिंकायलाच आलेत, तिथे पूर्ण ताकदीनेच खेळलं पाहिजे. तिथे कुणी लिंबूटिंबूची सवलत मागू नये, मीही मागणार नाही. पण रात्री जेवण झाल्यावर खोलीत जमणारा अड्डा ही स्पर्धा नाही. क्रिकेटमध्ये कॉलेजच्या टीमचा फास्ट बॉलर होस्टेलमागच्या टेनिस बॉलच्या मॅचला पूर्ण रनअप घेऊन येतो का? आला तर पुढच्या रविवारी त्याच्याशी कोण खेळेल? तो हळू टाकतो म्हणून त्याची बॉलिंग कमी होत नाही.

शिवाय प्रत्येक वेळी ती मेहनतच असते असंही नाही. कित्येकदा तो नुसता पैसा असतो. आपल्यातले बरेच जण शेतकऱ्यांच्या घरातले. सोयाबीनचा भाव पडला की घरून येणारे पैसे आधी कुठे कमी होतात हे सांगायला नको. अशा मुलाला "चांगली कार्डं घे, मग ये" म्हणणं म्हणजे दारावर पाटी लावण्यासारखंच आहे.

म्हणून माझ्या काही सूचना आहेत. पहिली, अड्ड्यावर एक सामायिक खोका असावा. प्रत्येकाने आपली जास्तीची कार्डं त्यात टाकावीत आणि ज्याच्याकडे काही नाही त्याने त्यातून डेक बनवून खेळावं. दुसरी, आठवड्यातला एक दिवस फक्त खोक्यातल्या कार्डांनी सगळ्यांनीच खेळावं, उस्तादांनीसुद्धा. खरं कौशल्य त्या दिवशी दिसेल! तिसरी, मैत्रीच्या डावात कागदावर लिहून बनवलेलं कार्ड चालवावं. झेरॉक्सवर चार वर्षांचं इंजिनिअरिंग चालतं, तर एक डाव चालायला काय हरकत आहे? मात्र ते कार्ड कुणी खरं म्हणून विकायचं नाही. चौथी आणि सगळ्यात महत्त्वाची, नियम ठरवायला बसताना निम्मी माणसं अशी असावीत जी महिन्यातून एकदाच खेळतात किंवा खेळायचं सोडून गेली आहेत. त्यांना खास बोलावून आणावं लागेल. तसंच मुलींच्या होस्टेलवर जो ग्रुप खेळतो त्यांनाही विचारावं. त्यांची खेळायची पद्धत वेगळी आहे आणि मी ऐकलंय की तिकडून गळती कमी आहे.

एक शब्द रेक्टर सरांसाठी आणि स्टाफसाठी. "कार्ड" म्हटलं की तुमच्या कपाळाला आठी पडते, हे आम्ही जाणतो. ती काळजी निराधार नाही. मॅजिकच्या सुरुवातीच्या नियमांत तर दोघांनी एकेक कार्ड पणाला लावायची तरतूद होती. ती खेळाडूंना आवडली नाही आणि लवकरच मागे पडली. कौशल्याचा खेळ आणि जुगार यांतला फरक आपल्या कायद्यालाही मान्य आहे. सुप्रीम कोर्टाने १९६७ मध्येच रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ असल्याचं म्हटलं आहे. आणि ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने जो ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला, त्यानेही पैसे लावून खेळायचे ऑनलाइन गेम बंद केले, पण ई-स्पोर्ट्स आणि नुसत्या करमणुकीचे खेळ वेगळे ठेवले. तोच न्याय आम्हाला लावा. अड्ड्यावर पैसा दिसला तर खुशाल कार्डं जप्त करा, आम्ही हूं की चूं करणार नाही. पण गॅदरिंगच्या इनडोअर गेम्समध्ये कॅरम आणि चेसच्या शेजारी एक टेबल आम्हाला द्या, आणि त्या टेबलाचे नियम ठरवताना एखाद्या न खेळणाऱ्या सरांनीही बसावं. त्यांच्याइतका चांगला लिंबूटिंबू आम्हाला दुसरा कुठे मिळणार!

अंबाजोगाईत अशा कार्डांचं मोठं दुकान नाही, बक्षिसाच्या स्पर्धा नाहीत, भावाची चढाओढही फारशी पोचलेली नाही. काही जणांना हे मागासलेपण वाटतं. मला ती संधी वाटते. मोठ्या शहरांत जे नियम पैशाने आणि आरडाओरड्याने ठरले, ते आपल्याला इथे बोलून ठरवता येतील. लाईट गेली, रेंज गेली, तरी बॅटरीच्या उजेडात चार जण खेळू शकतात, एवढीच या खेळाची गरज आहे. चार जण मात्र पाहिजेत. येत्या रविवारी मेसचं जेवण झाल्यावर मी खोका घेऊन कॉमन रूममध्ये बसणार आहे. ज्यांना खेळता येतं त्यांनी जास्तीची कार्डं आणावीत. ज्यांना येत नाही त्यांनी नुसतं यावं, आणि पहिलं मत त्यांनीच मांडावं.